नानाचा नववा दगड

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी एरंडोल सोडून पारोळ्याकडे निघालेल्या बसमध्ये होते. धुळ्याला त्याच्याकडेच चालले होते. जळगावहून निघाल्यापासून एक वाक्य मनात घोकत होते, ‘नाना, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.’ एवढंसं वाक्य, पण घोकावं लागत होतं. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. तिथं चुकतात ती मुलं, बाई चुकत नाहीत, आणि ही खोड निवृत्तीनंतरही अंगातून गेलेली नाही. फोनवर वहिनी होत्या. “ताई, कुठवर आलात?” त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, “सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकले... उठलेच नाहीत.” पारोळ्याला बस थांबली, माणसं उतरली, चढली, मी तशीच बसून राहिले. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी आला तो रागच. दोन तास थांबता येत नव्हतं का तुला? जन्मभर एकेका दगडापाशी चार चार तास थांबलास की रे!

तो माझा सख्खा थोरला भाऊ, सात वर्षांनी मोठा. घरात, गावात, कामावर, सगळीकडे नानाच. जमिनी मोजणं हे त्याचं काम. मुक्ताईनगरला एडलाबाद म्हणायचे त्या काळात साखळी ओढणारा पोऱ्या म्हणून लागला आणि मोजणीदार म्हणून निवृत्त झाला. निवृत्तीनंतर धुळ्यात घरच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून तो खासगी मोजणी करायचा. साखळी गेली, फीत आली, मग तिपाईवरचं यंत्र आलं, शेवटी उपग्रहावरून जागा सांगणारं जीपीएस आलं. यंत्रं बदलली, नाना काही बदलला नाही. एकदा घेतलेल्या मापावर त्याचा काडीचा विश्वास नसायचा. सकाळी मोजायचं, उन्हं तापल्यावर मोजायचं, उतरल्यावर पुन्हा मोजायचं, आणि सगळ्यांची सरासरी काढायची. “ऊन लागलं की फीत वाढते शकू, आणि भूक लागली की माणूस घाई करतो,” तो म्हणायचा. “एक माप खोटं बोलेल. पाच मापं मिळून तेच खोटं कसं बोलतील?” जळगावला पिंप्राळ्यात आम्ही प्लॉट घेतला तेव्हा त्याने त्या वीतभर जागेचे चारही कोपरे पाच पाच वेळा मोजले. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, “भाऊ, काही हरवलंय का?” मी लाजेने अर्धी झाले. हा मात्र शांतपणे म्हणाला, “नाही हो, सापडतंय का बघतोय.” आणि सहाव्यांदा वाकला.

जीपीएस आल्यावर मात्र त्याची पंचाईत झाली. यंत्र सांगतं ते आकडे एका जातीचे, जुन्या गावनकाशावरचे आकडे दुसऱ्याच जातीचे. नकाशा कुठल्या तरी कोपऱ्यापासून मोजलेला, कागद जुना होऊन आक्रसलेला, दिशाही जराशी कलती. दोन्ही एकावर एक बसवायचे कसे? एका दिवाळीत तो माझ्याकडे आला होता तेव्हा हे दुखणं घेऊन बसला. मी अंगणात रांगोळी काढत होते. म्हटलं, बस इथं. ठिपक्यांची एक मोठी रांगोळी दारापाशी काढली, तीच छोटी करून, जरा वाकडी, तुळशीपाशी काढली. “आता सांग, या दोन्ही एकच आहेत हे कसं ठरवशील?” तो डोकं खाजवायला लागला. मग मी त्याला सांगितलं की, आधी प्रत्येक रांगोळीच्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी काढ. आडव्या अंतरांची वेगळी, उभ्या अंतरांची वेगळी. जो बिंदू येईल तो त्या रांगोळीचा मध्य. दोन्हींचे मध्य शून्यावर आण, म्हणजे दार आणि तुळस हा फरक गेला. मग मध्यापासून प्रत्येक ठिपका किती लांब ते मोज, त्याचीही सरासरी काढ, आणि त्या सरासरीने सगळ्यांना भाग. म्हणजे लहान-मोठेपणा गेला. आता नुसतं फिरवून एकीवर दुसरी बसव. बसली तर रांगोळी एकच. नाना उकिडवा बसून किती तरी वेळ बघत राहिला. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, “मध्यावर आण, मापात आण, मग फिरव! शकू, अगं हे मला तीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?” त्या दिवशी मी इतकी फुशारले की करंज्या जळल्या, तरी कुणी बोललं नाही.

त्यानंतर तो प्रत्येक मोजणी अशीच बसवायला लागला. काही अडलं की फोन करायचा आणि मी फर्मान सोडायची. माझं एक फर्मान त्याला पक्कं पाठ होतं. जेवढे दगड सापडतील तेवढे सगळे घ्यायचे, मनाने एकही वगळायचा नाही. आज हा आवडला नाही म्हणून सोडला, उद्या तो, मग मोजणीला अर्थ काय उरला? सगळे घेतले की बारीकसारीक चुका एकमेकींना खाऊन टाकतात. हे मी अगदी ठासून सांगितलं होतं. पुस्तकात तसंच आहे. पण पुस्तकातल्या चुका बारीकसारीक असतात, आणि नेमकं तेवढंच मी त्याला सांगितलं नाही. मला तरी कुठे सुचलं होतं?

पारोळ्याच्या अलीकडे आत वळल्यावर एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. तिथल्या एका शिवारातल्या शेतकऱ्यांनी बांधाबांधावरून होणाऱ्या कटकटीला कंटाळून, आपसात समजुतीने एकदाचं सगळं मोजून घ्यायचं ठरवलं आणि नानाला बोलावलं. हद्दीचे जुने दगड नऊ सापडले. आठ मातीत अर्धे गाडलेले, झिजलेले. नववा मात्र बघण्यासारखा होता. निंबाखाली चौथरा, त्यावर शेंदराने माखलेला, वर हार. गावाचा म्हसोबा. मूळचा तो हद्दीचाच दगड, हे सगळे सांगत होते, आणि खाली कोरलेली खूणही दिसत होती. नाना खूश! फोनवर म्हणाला, “बाकीचे दगड नांगराने हलले असतील शकू, पण देवाला कोण हात लावणार?” मी म्हटलं, झकास. त्याने नऊ दगड घेतले, मध्यावर आणले, मापात आणले, फिरवून जुन्या नकाशावर बसवले आणि नव्या हद्दी आखून दिल्या. लोकांनी त्याप्रमाणे तारा ठोकल्या.

पंधरा दिवसांनी सुमनअक्का धुळ्याला त्याच्या दारात उभ्या. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, शेत स्वतः बघतात. केळी, कापूस, आणि शेताच्या कडेला एक विहीर, तिच्यावर सगळं शेत. नव्या आखणीत ती विहीर शेजारच्या शंकरभाऊंच्या तारेपलीकडे गेली होती. अक्का आरडाओरडा करणाऱ्या नव्हेत. पायरीवर बसून म्हणाल्या, “नाना, मनी विहीर जठे व्हती तठेच शे. तुमना कागद सरकना.” किती सरकला विचारल्यावर म्हणाल्या, साडेचार पावलं, मी चालून पाहिली.

त्या संध्याकाळी नानाचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. “शकू, साडेचार पावलं गुणिले नऊ. कुठला तरी एकच दगड चाळीसेक पावलं हललाय. त्याची चूक सरासरीने नवांत वाटली, म्हणून अख्खा नकाशा साडेचार पावलं गेला.” मापात आणताना आणि फिरवताना थोडा इकडेतिकडे फरक पडतो, हिशोब अगदी काटेकोर नाही; पण मला तो ऐकताक्षणी पटला होता. तरी मी काय बोलले? मी त्याला झापलं. म्हटलं, एक बाई दारात येऊन बसली म्हणून तू दगड वगळणार? मग शंकरभाऊ येऊन बसले की दुसरा वगळशील! याला मोजणी म्हणतात की पंचायत? तो म्हणाला, “वगळत नाही गं. विचारून येतो.” मी म्हटलं, “दगडाला विचारणार का?” आणि फोन आपटला. त्याच्याशी नीट बोललेलं ते शेवटचं... नीट तरी कसं म्हणू!

तो गेला विचारायला. गावातले सगळ्यांत जुने आबा पारावर बसलेले असतात, त्यांच्यापाशी जाऊन बसला. आठ दगडांचं विचारून झालं, मग म्हसोबाचं. आबा शांतपणे म्हणाले की, देव पूर्वी खाली पाणंदीच्या कडेला होता. पाणंद रुंद झाली, ट्रॅक्टरची चाकं देवावर चिखल उडवायला लागली, म्हणून गावाने त्याला निंबाखाली नेलं. नाना थक्क. “अहो आबा, दगड हलवलात आणि सांगितलं नाही?” त्यावर आबाच चिडले. “दगड कोठे हालावा भाऊ? देव लई गऊत आम्ही. वाजतगाजत!” आणि वर म्हणाले, “तुम्ही दगडनं इचारं. देवनं कोठे इचारं?” हे सगळं मला नंतर वहिनींनी सांगितलं. नाना घरी येऊन स्वतःशीच हसत होता म्हणे. कोणी चोरून सरकवला असता तर एखादा हात सरकवला असता. देवाला मात्र चाळीस पावलं मानाने नेलं. आठ दगड मातीत पडून जागच्या जागी राहिले, आणि ज्याला गावाने जिवापाड जपलं तोच जागेवर नव्हता.

मग त्याने ते केलं जे मला जमलं नसतं. त्याच पारावर सगळ्यांना बोलावून उभ्याने सांगितलं, “नकाशा चुकला. चूक माझी.” रीत कोणाची, फर्मान कोणाचं, अवाक्षर नाही. माझं नाव त्याने घेतलंच नाही. लोकही काय, सांगणारा उभा असला की ऐकवतात. नाना थकला, नानाला दिसत नाही, कशाला आणलं त्याला... ऐकून घेतलं सगळं. एप्रिलच्या उन्हात पुन्हा जाऊन आठही दगड तीन तीन वेळा मोजले. वहिनी नको नको म्हणत होत्या. आठांचा हिशोब नव्याने मांडला आणि कागदावर अक्काची विहीर अक्काकडे आली. पण शंकरभाऊ अडून बसले. माणूस वाईट नाही, त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. नानाच्या सांगण्यावरूनच त्यांनी तार ठोकली होती. “आज आठ दगड, उद्या सात घेशात. मी तार कितीदा हालावू? पुरावा दाखाडा, मंग काढस.” नानाने ते आकडे मला पाठवले, एका शब्दाचीही टीप न लावता. मी दोन दिवस ते आलेखावर मांडून बघत होते. आठही दगड जुन्या नकाशावर असे चपखल बसले होते की चूक माझीच, हे मला मान्य करावं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याची बस धरली. पुढचं वर सांगितलंच आहे.

तेराव्यापर्यंत मी धुळ्यात होते. भेटायला येणारे चांगलं बोलायचे, पण त्या गावाकडचे कोणी आले की बोलता बोलता निघायचंच, “शेवटी शेवटी जरा चुकायला लागले होते नाना.” मी कपबशा उचलायची निमित्तं काढून आत जायची. पाचदा मोजणारा माझा भाऊ लोकांच्या लेखी ‘चुकायला लागलेला’ म्हणून राहणार, अक्काची विहीर तारेपलीकडेच अडकणार, आणि मी पिंप्राळ्याला जाऊन पेन्शनीत सुखाने दिवस काढणार? अजिबात नाही! चौदाव्या दिवशी वहिनींना म्हटलं, “वहिनी, मला नववा दगड पूर्वी कुठे होता ते काढायचंय. येता?” त्यांनी लगेच मोजणीची लांब फीत काढली, दोन भाकऱ्या बांधल्या आणि चप्पल घातली.

आबांना नेमकी जागा आठवत नव्हती. पाणंद तेव्हा कशी होती आणि आता कशी, त्यांचाच गोंधळ व्हायचा. म्हणून मी जुन्या नकाशावरची नवव्याची जागा घेतली, आठांच्या मध्यापासून मोजली, आठांच्या मापात बसवली, आणि तिच्यापासून जवळच्या दोन दगडांची अंतरं काढून ठेवली होती. शेतात ती कंपासने उतरवतात तशी उतरवायची. एका दगडावर वहिनींनी फितीचं टोक धरलं, मी जमिनीवर कंस ओढला. मग दुसऱ्या दगडावरून दुसरा. सातवीच्या मुलांना शिकवायचे तेच. कंस जिथे छेदले ती जागा पाणंदीच्या कडेला, बांधावरच्या गवतात होती. तोवर निम्मं शिवार गोळा झालेलं. शंकरभाऊ हाताची घडी घालून उभे. अक्का कुदळ घेऊन आल्या होत्या, कोणाला हात लावू देईनात.

गुडघाभर खणलं, काही नाही. नुसती काळी माती. शंकरभाऊ खाकरले. पण माझं तोंड कसलं गप्प बसतंय. मी म्हटलं, “अक्का, वीतभर उत्तरेला घ्या.” तेव्हा वहिनी पुढे आल्या. इतक्या वर्षांत त्यांना मी मोजणीतलं काही बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, “दगड नाही मिळायचा ताई, तो तर देव झाला. कोळसा बघा. जुने लोक काही ठिकाणी दगडाखाली कोळसा पुरून ठेवायचे, तो कुजत नाही. हे सांगायचे मला.” अक्कांनी वीतभर उत्तरेला घेतलं. पाच-सहा घाव बसले असतील. मग त्या खड्ड्यातच बसल्या, हाताने माती उकरली आणि मूठ वर धरली. “कोयसा शे व ताई! बठ्ठा कोयसाच शे!”

मी रडले. सगळ्यांसमोर, मोठ्याने, पदर तोंडाला लावायचंही भान राहिलं नाही. आणि रडतारडताच सांगून टाकलं. नऊच्या नऊ दगड घे, एकही सोडू नको, हे नानाला मी सांगितलं होतं. त्याला संशय आला तेव्हा त्याला गप्प मीच केलं. तो चुकायला लागला नव्हता हो. त्याने बहिणीचं ऐकलं, एवढंच. ते वाक्य मी बसमध्ये घोकलं होतं एका माणसासाठी, बोलले ते पन्नास जणांपुढे, आणि ज्याला ऐकवायचं होतं तो नव्हता. मग शंकरभाऊ खड्ड्यात उतरले, कोळशाचा एक तुकडा बोटाने चुरून पाहिला, आणि अक्कांना म्हणाले, “पक्कड आण व अक्का. तार काढतस.” दिवस मावळायच्या आत विहीर मोकळी झाली. अक्कांनी वहिनींना आणि मला त्या विहिरीचं पाणी पाजल्याशिवाय सोडलं नाही.

हे सगळं इथं लिहिते आहे, कारण त्या दिवशी खड्ड्यापाशी नसलेल्या लोकांनीही नानाबद्दल ‘तो चुकला’ असं ऐकलंय, आणि त्यांनाही माझं नाव कळायला हवं. आणि दुसरं असं की काम संपलेलं नाही. रांगोळीच्या त्या दिवाळीनंतर त्याने याच रीतीने, माझ्याच फर्मानाने मोजलेली आणखी गावं आहेत. दर शनिवारी मी धुळ्याला जाते. वहिनींनी पुढच्या खोलीतलं टेबल आवरलेलं नाही, मी आवरूही देत नाही. वहिनी नानाच्या वहीतले आकडे वाचतात, मी मांडते. त्याच्या खुर्चीत मात्र अजून दोघींपैकी कोणी बसत नाही, स्टूल ओढून घेतो. एकेक दगड काढून बघायचा, बाकीचे नीट बसतात का पाहायचं, शंका आली की फीत घेऊन त्या गावी जायचं. चार गावं झाली. तीन ठिकाणी नाना चोख निघाला. चौथ्यात दीड पावलाचा फरक आहे, पुढच्या आठवड्यात तिकडे जाणार. गुडघे दुखतात, मुलगा ओरडतो, ओरडू दे.

गावात शिरल्यावर मी आता आधी दगडांचं विचारत नाही. पारावर जो कोणी म्हातारा बसलेला असेल त्याच्या शेजारी टेकते, पाणी मागते आणि विचारते, “बाबा, तुमचा देव आधी कुठे बसायचा?”